अठ्ठावीस घास



आमच्या दादींनी स्वतःसाठी ताट वाढून घेतलेलं मला आठवत नाही. सगळ्यांची जेवणं उरकली की त्या चुलीपाशी बसायच्या, शेवटची भाकरी हातावर घ्यायच्या आणि पातेल्याच्या तळाशी जे उरलं असेल त्याच्याबरोबर खायच्या. उरलं नसेल तर मीठ-तेल. त्यांना कोणी काही म्हणत नसे, कारण घरातल्या बाईनं असंच जेवायचं असतं यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही.

हिर्डोशीला आमचं किराणा मालाचं दुकान होतं. भोरहून महाडकडे निघालं की वरंधा घाट लागायच्या आधी हे गाव लागतं. हा सगळा भाग हिरडस मावळातला. आज तिथं नीरा-देवघर धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. दादी सून म्हणून आल्या तेव्हा खाली नीरा नदी वाहत होती, काठानं भातखाचरं होती आणि वरच्या उतारावर नाचणी आणि वरई. पावसाळ्यात दिवस दिवस ऊन दिसत नसे. एरवीही सूर्य डोंगराआड लवकर जायचा.

रात्रीभोजनाचा त्याग घरात सगळ्यांनाच होता. संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक असे, दादाजी उशिरा उठून येत. त्यांच्या मागून काका, मग मुलं, मग भोरहून माल घेऊन आलेलं कोणी असेल तर ते. सगळ्यांना उजेड असेपर्यंत वाढायचं. दादींची पाळी येई तेव्हा कंदील लावायची वेळ झालेली असे. मग त्या हात जोडून चौविहाराचं पच्चक्खाण घ्यायच्या, भांडी घासायच्या आणि तशाच झोपायच्या. वर हसून म्हणायच्या, "चला, आज आपोआप तप झालं."

लहानपणी मला हे फार मोठं वाटायचं. पुढे पुण्याला आल्यावर त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली, नखं पांढरी पडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि अंगात रक्तच कमी आहे म्हणून सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. पण इतक्या वर्षांची झीज गोळ्यांनी कितीशी भरून येणार?

गेल्या महिन्यात मुलीनं शाळेतून आहाराच्या पिरॅमिडचा तक्ता आणला. खाली रुंद पायथा, वर टोक. कोणतं अन्न भरपूर घ्यायचं, कोणतं बेतानं, ते मजल्यामजल्यानं दाखवलेलं. आपल्या घराचा आहार त्यात बसवून आणा, असा गृहपाठ होता. ती विचारत होती की आपण बटाटा खात नाही, अंडं खात नाही, मग आपला पिरॅमिड अर्धा रिकामाच का? तिला उत्तर द्यायचं म्हणून मी या तक्त्याची हकीकत शोधायला बसले. शोधता शोधता पुन्हा दादींच्या त्या संध्याकाळीच जाऊन पोचले. म्हणून हा लेख.

कुन्नूरची खोली

पिरॅमिड परदेशातून आला. पण आपल्या देशी जेवणाचं मोजमाप त्याच्या कितीतरी आधी इथंच सुरू झालं होतं. निलगिरीच्या डोंगरात कुन्नूर नावाचं थंड हवेचं गाव आहे. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनी बेरीबेरी रोगाचा अभ्यास सुरू केला. या रोगात पायातली ताकद जाते, अंगावर सूज येते, हृदय कमजोर होतं. भात हेच मुख्य अन्न असलेल्या भागांत तो फार होता. कारण तांदळात नव्हतं, तांदळाच्या पॉलिशमध्ये होतं. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र केला की वरच्या कोंड्याबरोबर बी-१ हे जीवनसत्त्व निघून जातं. हातसडीच्या तांदळात त्यातलं बरंच शिल्लक राहतं.

हे वाचताना मला दादींचं उखळ आठवलं. गावातल्या बायका भात सडून लालसर तांदूळ काढायच्या. गिरणीचा तांदूळ मिळायला लागला तसा तो पाहुण्यांसाठी आणि सणासाठी राखला जाऊ लागला. पांढरा तांदूळ म्हणजे बरी परिस्थिती असा हिशेब होता. बायकांचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं, ते कोणी परत मागू नये. पण कष्टांबरोबर कोंडाही गेला, हे त्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

मॅककॅरिसन यांनी पुढे देशातल्या वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण पांढऱ्या उंदरांच्या गटांना खाऊ घालून त्यांची वाढ पाहिली. सगळ्यात चांगली वाढ शिखांच्या जेवणावर झाली. त्याखाली पठाण, मग आपला मराठा, मग गुरखा, कानडी, बंगाली आणि शेवटी मद्रासी. माणसांची अशी प्रतवारी लावण्यात त्या काळच्या इंग्रजी नजरेचा दोष आहेच. पण ताटात काय होतं ते पाहिलं की कारण कळतं. वरच्या ताटात न चाळलेल्या गव्हाची पोळी, दूध-दही-लोणी, डाळी आणि ताज्या भाज्या होत्या. सगळ्यात खालच्या ताटात पॉलिशचा भात होता आणि त्याच्या जोडीला फारसं काही नव्हतं.

इथं मला थांबावंसं वाटलं. पिंजऱ्यातले ते जीव कोणासाठी झिजले? अशा प्रयोगाची अनुमोदना माझ्याकडून होत नाही. पण त्यातून कळलेली गोष्ट पुढे किती माणसांच्या उपयोगी पडली, तेही नाकारता येत नाही. मी हे दोन्ही तसंच लिहून ठेवते. तुम्ही आपापल्या साध्वीजींना जरूर विचारा.

समाधानकारक आहाराची आखणी

१९३५ मध्ये मॅककॅरिसन निवृत्त झाले आणि वॉलेस आयक्रॉइड कुन्नूरला संचालक म्हणून आले. त्यांनी १९३७ साली एक छोटी सरकारी पुस्तिका काढली. आपल्या धान्यांत, डाळींत, भाज्यांत, फळांत काय काय किती आहे याचे तक्ते तिच्यात होते. तिच्या नावातच 'समाधानकारक आहाराची आखणी' या अर्थाचे शब्द आहेत. मला हा शब्द फार आवडला. उत्तम नाही, आदर्श नाही, समाधानकारक. म्हणजे गरीब घरालाही जमेल असा.

ही पुस्तिका पुन्हा पुन्हा सुधारली गेली. १९५८ मध्ये कुन्नूरची प्रयोगशाळा हैदराबादला हलली आणि १९६९ पासून तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळालं. १९७१ साली सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तक्त्यांचं नवं पुस्तक काढलं. आहारशास्त्र शिकणाऱ्या कितीतरी पिढ्या त्याच्यावर वाढल्या. २०१७ मध्ये पुन्हा नव्यानं मोजणी होऊन ५२८ पदार्थांचे तक्ते आले.

या तक्त्यांतली एक ओळ मी मुलीला मोठ्यानं वाचून दाखवली. १९७१ च्या पुस्तकात १०० ग्रॅम नाचणीत ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे. तेवढ्याच पॉलिशच्या तांदळात १० मिलिग्रॅम. आमच्या घरी पुरुषांना आणि मुलांना गव्हाची पोळी असे. नाचणी गावातून दुकानात यायची, ती स्वस्त, म्हणून शेवटी उरणारी भाकरी नाचणीचीच असायची. म्हणजे हाडांना हवं ते सगळ्यात चांगलं धान्य दादींच्याच वाट्याला येत होतं, आणि आम्हाला वाटायचं की त्या हलकं खातात! धान्यात त्या मागे नव्हत्याच. त्यांच्या ताटात डाळ पोचत नव्हती, भाजी पोचत नव्हती, दूध तर नाहीच. आणि पोटभर असं काहीच नव्हतं.

आहाराच्या पाहणीत वापरलं जाणारं आणखी एक मोजमाप आहे. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला लागणारं अन्न १ धरायचं. मग बैठं काम करणाऱ्या बाईला ०.८, मध्यम कष्टाच्या बाईला ०.९ आणि जड कष्टाच्या बाईला १.२. हे वाचून मी हिर्डोशीचं चित्र डोळ्यांपुढे आणलं. गादीवर बसून हिशेब लिहिणारे दादाजी म्हणजे १. समोर खाचरात इरलं घेऊन दिवसभर वाकून भाताची लावणी करणारी बाई म्हणजे १.२. आमच्या दादींना पाणी भरायचं, दळायचं, सडायचं, बारा-पंधरा माणसांचा स्वयंपाक करायचा. त्यांना ०.९ च्या खाली कोण धरेल? घरात मात्र त्यांचा आकडा 'उरेल तेवढं' हाच होता.

पिरॅमिड कुठून आला

आता तो त्रिकोण. तो अमेरिकेतून आला असं आपण धरून चालतो. पण पहिला पिरॅमिड स्वीडनचा. १९७० च्या सुमाराला तिथं महागाई फार झाली होती. पोषण पूर्ण मिळून खर्च कमी कसा होईल, हे लोकांना सांगायचं होतं. म्हणून तिथल्या सरकारी आरोग्य खात्यानं अन्नाचे दोन भाग केले: एक मूळ अन्न, ते स्वस्त आणि पोटाचं, दुसरं पूरक अन्न, त्याला जोड देणारं. ग्राहकांच्या मोठ्या सहकारी संस्थेच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख होत्या अ‍ॅना-ब्रिट अग्नसेटर. त्यांनी हे त्रिकोणात मांडलं आणि १९७४ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात ते छापून आलं. पायथ्याला पाव, धान्य, दूध आणि बटाटा. मधे भाज्या आणि फळं. टोकाला मांस, मासे, अंडी.

बघा, हा तक्ता एका बाईनं स्वयंपाकघरातून काढला आणि तोही घरखर्च भागावा म्हणून! पायथ्याचा बटाटा पाहून मुलगी हसली. मी तिला म्हटलं, "पायथा म्हणजे त्या त्या देशात जे स्वस्त आणि भरपूर पिकतं ते. त्यांचा बटाटा, आपली ज्वारी-नाचणी. आणि टोकाला काय आहे ते बघ. जे आपण मुळीच घेत नाही, ते त्यांच्याकडेही सगळ्यात थोडं सांगितलंय."

अमेरिकेचा पिरॅमिड १९९२ चा. खरं तर तो १९९१ मध्येच तयार होता. मांस आणि दुधाच्या उत्पादकांनी हरकत घेतली, कारण त्यांचा माल वरच्या अरुंद मजल्यावर गेला होता. मग वर्षभर तो थांबवला गेला. पायथ्याला पाव-भात-धान्याचे रोज ६ ते ११ वाटे होते आणि टोकाला तेल, तूप, साखर. पुढे त्यातही चुका दिसल्या. मैद्याचा पाव आणि अख्खं धान्य एकाच मजल्यावर बसवलं होतं. २०११ मध्ये अमेरिकेनं त्रिकोण सोडला आणि ताटाचं चित्र घेतलं.

आपल्या हैदराबादच्या संस्थेनं भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं १९९८ मध्ये काढली, २०११ मध्ये सुधारली आणि २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा नवी दिली. आपल्या पिरॅमिडच्या पायथ्याला धान्य, डाळी आणि दूध: पुरेसं घ्या. त्यावर भाज्या-फळं: भरपूर घ्या. त्यावर तेल-तूप, आणि जे खातात त्यांच्यासाठी मांसाहार: बेतानं. टोकाला साखरेचं, तळलेलं, पाकिटातलं: क्वचित. २०२४ मध्ये त्याच्या जोडीला दिवसाचं ताटही दिलं आहे. २००० कॅलरीसाठी कच्च्या मापानं ते असं: धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम (मांसाहारी लोक यातच अंडी-मांस धरतात), सुकामेवा आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर.

मुलीला उत्तर मिळालं. आपला पिरॅमिड अर्धा रिकामा नाही. आपल्या डाळीनं ती जागा भरायची आहे. फक्त खरंच भरायला हवी.

आपलं माप

आता तुमच्या मनात आलं असेल तेच माझ्याही मनात आलं. आपल्याकडे हे नव्हतं का? होतं, आणि कितीतरी आधीपासून. बाह्य तपाचे सहा प्रकार आपण मुलांना पाठ करायला लावतो. त्यातले चार तर थेट ताटाशीच जोडलेले आहेत. अनशन, म्हणजे न खाणं. ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं. वृत्तिसंक्षेप, म्हणजे पदार्थांची संख्या ठरवून घेणं. रसपरित्याग, म्हणजे विगई सोडणं. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेलं या सहा विगई. तूप, तेल, साखर आणि तळलेलं हे पिरॅमिडच्या वरच्या अरुंद मजल्यांवर बसतं. दूध-दही मात्र तिथं पायथ्याला आहे. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण आपल्यासारख्या घरात बी-१२ जे काही मिळतं ते दूध-दह्यातूनच. ओळीच्या नऊ आयंबिलांनी काही बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं दूध सोडलेल्या बाईनं बी-१२ तपासून घ्यावं.

आणि ऊनोदरीला माप आहे. परंपरेत पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास मानला आहे. त्यातून एक घास कमी घेतला तरी ऊनोदरी सुरू होते.

हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. या वेळी पहिल्यांदाच नीट ऐकलं. ऊनोदरी मोजायची तर आधी २८ घास समोर यायला हवेत. सत्तावीस घेतले आणि एक सोडला, हे तप. समोर दहाच आले, तर सोडलं काय? पच्चक्खाण म्हणजे जे मिळू शकतं ते समजून, स्वतःच्या इच्छेनं सोडणं. जे मिळालंच नाही त्याचा त्याग कसा होईल?

२८ आणि ३२. भागून पाहिलं तर स्त्रीचं माप पुरुषाच्या सुमारे ०.८७ येतं. आजच्या मोजणीत बैठ्या बाईचं ०.८. दोन्ही माणसं मोजायच्या पद्धती अगदी वेगळ्या, काळ वेगळा, हेतूही वेगळा. म्हणून एकानं दुसऱ्याला खरं ठरवलं असं मी म्हणणार नाही. पण स्त्रीला तिचा स्वतःचा आकडा आहे, आणि तो 'उरेल तेवढं' असा नाही, एवढं दोन्हीकडे स्पष्ट आहे.

एका बाबतीत मात्र नवं शास्त्र जे सांगतं ते घासांच्या मापात दिसत नाही. २०२० च्या शिफारशींप्रमाणे पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पाळी सुरू असलेल्या वयातल्या बाईला २९. म्हणजे तिचे घास कमी आणि लोह मात्र दीडपट. तिच्या प्रत्येक घासात जास्त कस असायला हवा आणि तिच्याच वाट्याला पातेल्याचा तळ येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या देशभरातल्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. महाराष्ट्रात ५४ टक्के. म्हणजे स्थानकात व्याख्यानाला तुमच्या डाव्या-उजव्या बाजूला बसलेल्या दोघींपैकी एक. यात गरीब-श्रीमंत असा फारसा भेद करू नका. आमचं तर किराणा मालाचंच दुकान होतं.

मग घरी काय केलं

मी आधी आठवडाभर वजनकाटा घेऊन मोजलं. चौघांना दोन्ही वेळची मिळून डाळ निघाली रोज १६० ग्रॅम, म्हणजे माणशी ४०. तक्त्यात ८५ आहे! आपण रोज डाळ खातो म्हणून मी निश्चिंत होते, पण आपलं वरण पातळ असतं. आता सकाळी घट्ट डाळ आणि संध्याकाळी मूग, मटकी, हुलगे, चवळी किंवा हरभरा यातलं एक काहीतरी. पुस्तकं मोड आणायला सांगतात. आपल्यापैकी बऱ्याच घरांत मोड अनंतकाय म्हणून चालत नाहीत. चिंता नको, नुसतं भिजवून, नीट शिजवून घेतलं तरी प्रथिनं कुठे जात नाहीत. वर लिंबू पिळावं, त्यानं डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवणाला चिकटून चहा घेऊ नये, तो लोह अडवतो. माझी स्वतःची ही सवय अजून पुरती सुटलेली नाही.

कढी किंवा ताकातलं पिठलं करताना द्विदलाचा नियम आपल्याला माहीतच आहे. दही-ताक आधी चांगलं गरम करायचं, मग बेसन. नाचणी कडधान्य नाही, म्हणून तिला ही अडचण येत नाही. नाचणीची आंबील रात्री भिजवून ठेवायची पद्धत आहे, पण आपल्याला वासी चालत नाही. मी सकाळी पीठ शिजवते, गार करते आणि ताजं ताक घालून लगेच देते. पावसाळ्यात पिठाची मुदत कमी, म्हणून नाचणी थोडीथोडी निवडून दळून आणते.

कंदमुळं नाहीत म्हणून भाज्या कमी पडतात असंही नाही. दुधी, दोडका, पडवळ, भेंडी, गवार, तोंडली, लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगा अशी भली मोठी यादी होते. चातुर्मासात पालेभाजी बंद आणि तिथीला हिरवं बंद. त्या दिवसांत कडधान्य, सुकामेवा, तीळ, खजूर यांच्याकडे जास्त लक्ष द्यायचं. बाकीच्या आठ महिन्यांत मेथी, माठ, राजगिरा, शेपू मनापासून खायचं. तेलाचा हिशेबही करून पाहा. माणशी रोज २७ ग्रॅम म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला तूप धरून सव्वातीन किलोच्या आत. आमच्याकडे पाच किलोचा डबा तीन आठवड्यांत संपत होता.

गरोदर, अंगावर पाजणारी, आजारी किंवा रक्त कमी असलेली बाई मोठं तप करणार असेल तर आधी डॉक्टरांशी आणि गुरूंशी दोघांशीही बोलावं. आपल्याकडे तप यथाशक्ती सांगितलं आहे. शक्ती किती आहे हे आज रक्ताच्या एका तपासणीत कळतं, मग ते न बघता पुढे का जायचं?

आणि सगळ्यात मोठा बदल ग्रॅमचा नाहीच. आमच्याकडे आता संध्याकाळचा स्वयंपाक अर्धा तास आधी होतो. सगळी ताटं एकदम वाढली जातात, माझं आणि सासूबाईंचंसुद्धा. कोणाला यायला उशीर होणार असेल तर त्याचं ताट झाकून ठेवतो, करणारीचं नाही. पहिल्या दिवशी सासूबाई बसायलाच तयार नव्हत्या. "तुम्ही बसा, मी मागून घेते," असंच म्हणत राहिल्या. नात हात धरून बसवायला गेली तेव्हा बसल्या. डाळीची वाटी पुढ्यात पाहून म्हणाल्या, "एवढी मला कशाला?" मग सगळी संपवली.

मुलीच्या तक्त्यात आम्ही पायथ्याला नाचणी, ज्वारी, गहू, हातसडीचा तांदूळ, डाळी आणि दूध लिहिलं. मधे भाज्या आणि फळं. वर तेल-तूप, टोकाला साखर आणि तळलेलं. बाजूला तिनं घरातल्या चौघांची नावं लिहून प्रत्येकापुढे त्याचं माप लिहिलं. तिचं झाल्यावर मी तिला दादींची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "पण मम्मी, त्यांच्यासाठी कोणी थांबलं का नाही?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्या घरात पीठ चाळताना किड्याची जयणा होत होती, पाणी गाळून घेतलं जात होतं, दिव्यावर पतंग येऊ नये म्हणून अंधारात जेवण नव्हतं, त्याच घरात एक जीव रोज अर्धपोटी झोपत होता आणि ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. दादींनी त्याला तप म्हटलं, तो त्यांचा मोठेपणा. आम्ही त्याला तप म्हणायला नको होतं.

दादींना, आणि लिहिण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आलं असेल तर तुम्हा सगळ्यांना, मिच्छामि दुक्कडम्.